देवाशी समेट : मजुरी की वारसा?



रविवारची दुसरी मिस्सा संपली की कचेरीत थोडी गर्दी होते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला मृतांसाठी मिस्सा नोंदवायची असते, कोणाच्या मुलाच्या लग्नाची नावे पुकारायची असतात. अशाच एका रविवारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सर्वांत शेवटी आत आले. हातात पाकीट होते. चर्चच्या आवारातील ग्रोटोच्या दुरुस्तीसाठी पन्नास हजार रुपये त्यांनी टेबलावर ठेवले आणि आपले नाव वेदीवरून जाहीर करू नये, अशी विनंती केली. त्या वर्षातले त्यांचे हे चौथे पाकीट होते.

आम्ही पावती लिहीत असताना त्यांनी हळूच विचारले, "फादर, आणखी किती केलं म्हणजे देव माझ्यावरचा राग सोडील?"

पुढे त्यांनी जे सांगितले ते पापनिवेदनात सांगितलेले नव्हते. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूच्या ओठांवर कधीच येत नाही. हे त्यांनी कचेरीतल्या खुर्चीवर बसून सांगितले, आणि ओळख पटणार नाही असे बदल करून ते येथे लिहायला त्यांनी स्वतःच परवानगी दिली आहे. "लिहा फादर, माझ्यासारखे आणखी असतील," असे ते म्हणाले. म्हणूनच हा लेख.

तीस वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले. धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा थोरल्याने त्याच्यासमोर काही कागद ठेवले. थोरल्या भावावर विश्वास ठेवून त्याने न वाचता सह्या केल्या. बावखलाच्या काठची दहा गुंठ्यांची वाडी, ज्यात धाकट्याचा अर्धा वाटा होता, ती सारी थोरल्याच्या नावे चढली. धाकट्याला ते पुढे कळले. तो भांडला नाही, कोर्टात गेला नाही. फक्त भावाच्या घरी येणे त्याने बंद केले. काही वर्षांनी तो गेला. त्याची बायको आणि मुलगा आजही त्याच आळीत, समोरच्या घरात राहतात.

या गृहस्थांनी पापनिवेदन केलेच नव्हते असे नाही. फार पूर्वी केले होते. त्यानंतर ते चार वेळा वेलंकनीला जाऊन आले. भावाच्या आत्म्यासाठी दरवर्षी मिस्सा नोंदवतात. उपवासकाळात मांसमासळी शिवत नाहीत. "सगळं करतो फादर," ते म्हणाले, "पण रात्री डोळा लागत नाही. देवासमोर बसलो की वाटतं, तो वही उघडून बसलाय."

पहिले उत्तर आणि त्यातली चूक

आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. आम्ही म्हणालो, "काका, देवाने तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. मन शांत ठेवा." त्यांनी मान हलवली, पावती घडी घालून खिशात ठेवली आणि ते गेले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. हातात पाचवे पाकीट होते.

तेव्हा आमच्या लक्षात आले की 'मन शांत ठेवा' हे सांगणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला 'अंग थंड ठेवा' असे सांगण्यासारखे आहे. शांती ही मनाने ठरवून आणायची वस्तू नाही. शिवाय त्यांचा प्रश्न आम्ही नीट ऐकलाच नव्हता. 'देव क्षमा करतो का?' असे त्यांनी विचारले नव्हते. 'आणखी किती?' असे विचारले होते. हा भावाचा प्रश्न आहे, बाजारातला. कृपेला काही किंमत आहे, ती आपण हप्त्याहप्त्याने फेडत आहोत, आणि शेवटचा हप्ता कोणता हे तेवढे फादरांनी सांगावे, अशी त्यांची समजूत होती.

बंधुभगिनींनो, ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात ती खोल रुजलेली आहे. परीक्षेत मुलाला यश मिळाले की आपण नवस फेडतो. आजार आला की 'माझ्याकडून काय चुकले?' असे विचारतो. आपल्या लेखी देव म्हणजे मुकादम. दिवसभर राबावे, संध्याकाळी त्याच्यापुढे रांगेत उभे राहावे आणि त्याने हाजरी पाहून हातावर मजुरी टेकवावी. ज्याला मुकादम मिळाला आहे त्याला वेतन मिळेल कदाचित, पण शांती मिळणार नाही. कारण आज काम भरले तरी उद्याची हाजरी बाकीच असते.

न बोललेले वाक्य

उपवासकाळात आपण उधळ्या पुत्राचा दाखला ऐकतो. संत लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातली एक बारीक गोष्ट आपल्या कानांवरून निसटून जाते. डुकरे चारणारा तो मुलगा परत जायचे ठरवतो तेव्हा वडिलांपुढे काय बोलायचे याची मनात तयारी करतो. त्याच्या भाषणाचे तीन भाग आहेत. मी देवाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केले, हा पहिला. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, हा दुसरा. आणि मला आपल्या एखाद्या गड्याप्रमाणे ठेवा, हा तिसरा.

आता घरी पोचल्यावर तो काय बोलतो ते पाहा. पहिला भाग बोलतो. दुसरा भाग बोलतो. तिसरा भाग त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच वडील चाकरांना हाक मारून झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतात. पाप केले, ही कबुली वडील शेवटपर्यंत ऐकून घेतात. ती खोटी नाही, ती व्हायलाच हवी. लायकी नाही, हेही ऐकून घेतात. पण 'मला गडी करा' हा प्रस्ताव ते ऐकतही नाहीत. त्या घरात परत यायचे तर मुलगा म्हणूनच येता येते. गड्याची जागा त्याच्यासाठी रिकामीच नाही.

थोरल्या मुलाचेही असेच आहे. तो घर सोडून कधी गेला नाही, पण बोलतो गड्यासारखा. इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली आणि मला एक करडूही मिळाले नाही, असा त्याचा हिशेब. धाकट्याला गडी व्हायचे होते ते लाजेमुळे. थोरला गडी झाला तो अभिमानामुळे. दोघांनाही वडील एकच गोष्ट समजावतात : तुम्ही माझी मुले आहात.

संत पॉल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच फरक मांडतात. काम करणाऱ्याला जे मिळते ते त्याचे देणे असते, त्याला कोणी कृपा म्हणत नाही, असे ते चौथ्या अध्यायात सांगतात. त्यानंतर पाचव्या अध्यायाच्या आरंभी ते म्हणतात की श्रद्धेने नीतिमान ठरलेल्या आपल्याला प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे देवाशी शांती लाभली आहे. पुढे आठव्या अध्यायात ते आपल्याला देवाचे वारस म्हणतात. शब्दांची ही निवड मोठी अर्थपूर्ण आहे. मजुरी कमवावी लागते. वारसा कोणी कमवत नाही. तो जन्माने किंवा दत्तक घेतल्याने मिळतो. वारस असणे ही आपली करणी नव्हे, देणाऱ्याशी असलेले ते नाते आहे.

आमच्या त्या गृहस्थांची शोकांतिका अशी की त्यांनी भावाचा वारसा बळकावला आणि आपला स्वतःचा, देवाच्या घरातला वारसा विसरून ते मजुरीला लागले.

मग मनुष्याने काहीच करायचे नाही का?

येथे एक रास्त शंका येते. सारे काही कृपेनेच होत असेल तर प्रयत्न कशाला? चांगले वागणारा आणि फसवणारा दोघेही सारखेच का?

ही शंका फार जुनी आहे. इसवी सनाच्या चारशेच्या सुमारास रोममध्ये पेलाजियस नावाचा एक तपस्वी शिकवण देत असे. तो मूळचा ब्रिटनचा. त्याला वाईट माणूस समजायचे कारण नाही. कृपेच्या नावाखाली ख्रिस्ती लोक आळशी होत आहेत, याची त्याला तळमळ होती. देवाने आज्ञा दिल्या आहेत आणि इच्छाशक्तीही दिली आहे, तेव्हा मनुष्याने ठरवले तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो, असे तो म्हणे. संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला, कारण त्यांना स्वतःचा अनुभव होता. काय चांगले हे बुद्धीला पटलेले असूनही वर्षानुवर्षे त्यांना ते करता आले नव्हते. ज्याचा पायच मोडला आहे त्याला 'धाव' म्हणून सांगून काय उपयोग? आधी पाय बरा व्हायला हवा. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली.

सोळाव्या शतकात हाच प्रश्न पुन्हा पेटला आणि पाश्चात्त्य ख्रिस्तसभा दुभंगली. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपली भूमिका स्पष्ट केली. देवाशी समेटाचा आरंभ आपल्या कोणत्याही पुण्याने होत नाही. पहिले पाऊल देवाच्या कृपेचेच असते. पण कृपा आली म्हणून मनुष्य दगडासारखा पडून राहत नाही. तो तिला होकार देतो, तिच्याबरोबर चालतो. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक लुथरन महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या योग्यतेमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करते, हे दोन्ही बाजूंनी एकत्र कबूल केले. साडेचारशे वर्षांच्या भांडणानंतर!

तेव्हा प्रश्न प्रयत्न करायचा की नाही हा नाहीच. प्रश्न क्रमाचा आहे. आधी काय आणि मग काय?

जक्कयचे उदाहरण घ्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा लबाड जकातदार झाडावर चढून बसला आहे. प्रभू येशू खाली थांबून वर पाहतात आणि आज तुझ्या घरी मला उतरायचे आहे, असे सांगतात. 'आधी लुबाडलेले परत कर, मग येतो' अशी अट ते घालत नाहीत. ते घरी येणार हे ठरल्यावर जक्कय उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. ही चौपट भरपाई म्हणजे येशूच्या भेटीची फी नव्हती. ज्याच्या घरी प्रभू आला आहे त्याला लुटीचा पैसा आता जड झाला होता, एवढेच.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने मैत्रीचा विचार करताना म्हटले होते की दोघांत फार मोठे अंतर असेल तर मैत्री टिकत नाही. म्हणून देव आणि माणूस यांच्यात मैत्री संभवत नाही. तर्काने पाहता त्याचे बरोबर होते. संत थॉमस अक्वायनस त्याला फार मानत, पण या मुद्द्यावर त्यांनी वेगळे सांगितले : देवावरील प्रीती ही मैत्रीच आहे. कारण शेवटच्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांना दास म्हणणे सोडले आणि मित्र म्हटले. अंतर आपण चढून पार केले नाही. तो उतरून आला. आणि मित्राला आपण हिशेबाने देत नाही. मित्र असतो म्हणून त्याच्यासाठी करतो.

फुकट मिळालेले, पण वरवरचे नव्हे

येथे आम्हाला आमच्या पहिल्या उत्तरातली दुसरी चूक दिसली. 'देवाने क्षमा केली' असे म्हणताना समोरच्या घरातल्या त्या विधवेचा आम्ही विचारच केला नव्हता. देवाने क्षमा केली, तिचे काय? तिच्या मुलाच्या वाट्याचे काय? देवाची कृपा जर असे सांगत असेल की तू झोप, जमीन तुझ्याकडेच राहू दे, तर ती कृपा नव्हे, लबाडीवर शिक्कामोर्तब आहे.

ख्रिस्तसभा असे मुळीच शिकवत नाही. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी मान्यता दिलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात १४५९ व्या परिच्छेदात हे स्पष्ट सांगितले आहे : पापक्षमा पाप दूर करते, पण पापाने केलेला सारा बिघाड आपोआप दुरुस्त करत नाही. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळवणे, झालेल्या हानीची भरपाई करणे, जे जे शक्य आहे ते केले पाहिजे. साधा न्यायच ते मागतो.

संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात शांतीविषयी विस्ताराने लिहिले आहे. त्यांच्या विचाराचा सारांश असा की प्रत्येक गोष्ट आपापल्या योग्य जागी असते तेव्हा जी स्वस्थता येते ती शांती. या दृष्टीने पाहा. त्या गृहस्थांना झोप का लागत नव्हती? देव रागावला होता म्हणून नव्हे. पाच गुंठे जमीन आपल्या जागी नव्हती म्हणून. त्यांचे मन त्यांना खरेच सांगत होते. ते मात्र त्या जमिनीची भरपाई ग्रोटोच्या फरशीने करायला निघाले होते. देवाला देणे सोपे होते. देव दार लावून घेत नाही. भावजय लावून घेईल, ही भीती होती.

आम्हीही ती पाकिटे घेत राहिलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की वेदीजवळ दान अर्पण करताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. हे वाचून काहींना वाटते की मग कृपा आधी कशी? पण पाहा, हे वेदीपाशी येऊन पोचलेल्या माणसाला सांगितले आहे. देवाच्या घरात त्याला आधीच जागा आहे. त्याचे दान वेदीसमोरच राहते, कोणी बाहेर फेकत नाही. तेथूनच त्याला भावाकडे पाठवले जाते आणि परत यायलाही सांगितले जाते.

राखी

क्षमा आणि न्याय एकमेकांच्या आड येतात असे ज्यांना वाटते त्यांनी धन्य राणी मारिया यांची हकिकत आठवावी. केरळात जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत. लोकांना त्यांचे हक्क समजू लागले, सावकारांचा पाश सैल होऊ लागला आणि काहींना हे खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदरसिंह या तरुणाने चाकूचे वार करून त्यांचा खून केला. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारिया यांच्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातल्या. २००२ साली रक्षाबंधनाच्या निमित्ताने त्या तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने आपल्या बहिणीचा जीव घेतला त्याच हाताला त्यांनी राखी बांधली. पुढे २००६ साली तो तुरुंगातून सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले.

येथे न्यायालयाचा निकाल कोणी खोटा ठरवला नाही. खुनाला खूनच म्हटले गेले. शिक्षा झाली, अकरा वर्षे भोगलीही गेली. पण तुरुंगाच्या भिंतीआड एक नाते बांधले गेले, जे कोणत्याही शिक्षेने कमावता आले नसते. राखी काही वेतन म्हणून बांधत नाहीत. ती बांधून आपण म्हणतो, तू माझा भाऊ आहेस. भाऊ झालेल्या माणसाला मग भावासारखे जगावे लागते. देव आपल्याशी असेच वागतो. आपण लायक झाल्यावर तो नाते जोडत नाही. तो नाते जोडतो आणि त्या नात्याला साजेसे होण्याचे बळ देतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. सिस्टर सेल्मी यांची क्षमा ही त्यांना लाभलेली देणगी होती. ती कोणी त्यांच्याकडून वसूल केली नव्हती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दाराशी जाऊन 'ख्रिस्ती असाल तर क्षमा करा' असा हट्ट धरण्याचा अधिकार अन्याय करणाऱ्याला नाही, आणि धर्मगुरूलाही नाही. म्हणूनच आम्ही त्या विधवेकडे शब्द टाकायला गेलो नाही.

सहावे पाकीट

पाचव्या पाकिटाच्या वेळी आम्ही त्यांना बसवून घेतले आणि लूकचा पंधरावा अध्याय त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. मग मुलाने तयार केलेले भाषण आणि प्रत्यक्ष केलेले भाषण ताडून पाहायला सांगितले. चष्मा वरखाली करत त्यांनी दोनदा वाचले. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गडी म्हणून ते घेणारच नाहीत?"

"नाही काका."

"आणि मुलगा म्हणून?"

"ते रस्त्यावर येऊन उभेच आहेत."

आम्ही पाकीट त्यांच्याकडे सरकवले आणि म्हणालो, "हे इथलं नाही. कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे." ते रडले. आमच्याही डोळ्यांत पाणी आले, ते त्यांना दिसू नये म्हणून आम्ही नोंदवही चाळत बसलो.

पुढे सारे गोड झाले असे लिहायला आम्हाला आवडले असते. तसे झाले नाही. ते समोरच्या घरी गेले तेव्हा भावजयीने त्यांना आत बोलावले नाही. ओट्यावर उभ्या उभ्याच त्यांचे ऐकून घेतले आणि ती आत निघून गेली. पुतण्या म्हणाला, "बाबा असताना का नाही आलात?" या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि त्यांनी ते दिलेही नाही. पुतण्याच्या नावे अर्धा वाटा करून देण्याचे कागद वकिलाकडे तयार होऊ लागले, तेव्हा त्यांचे स्वतःचे मुलगे बिथरले. आजच्या भावाने पाच गुंठ्यांची किंमत काय होते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. घरात बोलणे बंद झाले.

मग देवाशी शांती ती हीच का? घरची शांतीही गेली, असे कोणी म्हणेल. पण प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी सांगितलेच होते की त्याची शांती जगाच्या शांतीसारखी नसते. जग ज्याला शांती म्हणते ती बहुधा गप्प बसण्याची शांती असते. तीस वर्षे त्या आळीत तीच नांदत होती. शांती म्हणजे मनाला बरे वाटणे असेही नाही. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवतच नव्हते. तरी पहाटेची प्रार्थना सुटली नाही, रस्त्यावरचा रुग्ण सुटला नाही. देवाशी असलेले नाते आपल्या भावनेच्या दोरीला टांगलेले नसते. त्याचा आधार देवाची निष्ठा हा आहे.

अलीकडेच ते गृहस्थ मिस्सेनंतर भेटले. आम्ही विचारले, "काका, कसं चाललंय?" ते म्हणाले, "घरात अजून कोणी धड बोलत नाही. समोरही अजून दार अर्धंच उघडतं. पण फादर, हल्ली प्रार्थनेला बसलो की मी त्याला हिशेब सांगत नाही. नुसता बसतो."

'नुसता बसतो' या दोन शब्दांत ज्याला कृपा म्हणतात ती बरीचशी येते, असे आम्हाला वाटते. गडी मालकासमोर नुसता बसू शकत नाही. मुलगा बसू शकतो.

बंधुभगिनींनो, या उपवासकाळात आपण उपवास करू, क्रूसाची वाट चालू, दानधर्म करू. हे सारे चांगलेच आहे. पण प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे मी देवाचा राग उतरावा म्हणून करतो, की त्याचा मुलगा, त्याची मुलगी म्हणून करतो? आणि जे पाकीट मी देवाच्या हाती देत आहे ते खरे तर समोरच्या घरचे तर नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पापनिवेदनाच्या वेळी देवासमोर गुडघे टेकून शोधावे. दुसऱ्याचे शोधायला आळी ओलांडावी लागेल. ती ओलांडताना आपण एकटे नसतो.

हे दयाळू पित्या, आम्ही मजुरी मागत तुझ्या दाराशी उभे आहोत. आम्हाला आत घे. आमच्या हातून जे बिघडले ते दुरुस्त करण्याचे धैर्य दे. आणि ज्यांचे आम्ही बिघडवले त्यांच्या जखमांवर तूच फुंकर घाल. आमेन.

प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.

आपले धर्मगुरू